फेड कॅमेरा आणि त्याचे कारागीर

जुन्या सोव्हिएट कॅमेऱ्यांचा नाद लागलेले हौशी छायाचित्रकार आज देशोदेशीं आढळतात. त्यांच्या आवडीचा एक जुना फेड कॅमेरा हातीं घ्यावा, तों प्रथम नवलच वाटतें. फिल्मचें टोंक कातरून ती बुडाकडून भरावयाची, अंतर एका खिडकींतून जुळवावयाचें आणि चित्राची चौकट दुसरींतून पाहावयाची! इतका खटाटोप कशासाठीं? यंत्र स्वस्त, दणकट आणि विजेवांचून चालणारें म्हणून, असें उत्तर मिळतें. तें खरें, पण आम्हांस तें अपुरें वाटतें.

पहिलें महायुद्ध, क्रांति, यादवी आणि १९२१ चा दुष्काळ यांनीं रशियांत व युक्रेनमध्यें लाखों मुलें बेवारस केलीं. अशा मुलांसाठीं १९२७ सालीं खारकोव्ह येथें एक श्रमवसाहत निघाली. शिक्षणशास्त्रज्ञ अंतोन माकारेंको हे तिचे चालक. शाळा आणि कारखाना यांची सांगड घालणें, ही त्यांची पद्धति. मुलांनीं आधीं विजेचीं गिरमिटें बनविलीं. मग जर्मनीच्या लायका कॅमेऱ्याची नक्कल हातीं घेतली, आणि १९३४ पासून फेड बाजारांत येऊं लागला. कालपर्यंत रस्त्यावर भटकणारे हात केसाहून बारीक मापें सांभाळूं लागले.

वसाहतीस आणि कॅमेऱ्यास नांव मिळालें तें फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचें. निराधार मुलांसाठीं १९२१ सालीं नेमलेल्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. पण १९१७ पासून ज्या गुप्त पोलिसखात्याचे ते प्रमुख होते, त्यानें किती घरें उजाड केलीं, हेंही विसरतां येत नाहीं. वसाहत चालली तीही त्याच खात्याच्या आश्रयानें. एकाच हातानें घर मोडावें आणि त्याच हातानें पोरक्यास छप्पर द्यावें, असा हा विलक्षण इतिहास आहे.

पुढें कित्येक फेड कॅमेऱ्यांवरील अक्षरें खरवडून तेथें 'लायका' असें कोरण्याचा धंदा निघाला. नकलेस मूळाचें नांव दिलें, कीं किंमत वाढते, हा व्यापाऱ्याचा हिशेब. आमच्या मतें मात्र त्या खरवडीबरोबर त्या यंत्राचें खरें मोलच निघून जातें. कारण लायकास नाहीं असा इतिहास फेडला आहे.

म्हणून हौशी माणसानें कळ दाबण्यापूर्वीं माथ्यावरील तीं तीन अक्षरें एकदां निरखून वाचावीं. त्यांत सत्ताधीशाचें नांव आहे. ज्या मुलांनीं तें यंत्र घडविलें, त्यांचें नांव कोठेंच नाहीं.