इतिहासाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात इतिहासाच्या उच्च शिक्षणासाठी उपलब्ध असलेल्या शिष्यवृत्त्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारच्या शिष्यवृत्त्या सामाजिक प्रवर्ग, कौटुंबिक उत्पन्न किंवा गुणवत्ता पाहून कोणत्याही विषयासाठी दिल्या जातात. दुसऱ्या केवळ इतिहासाच्या संशोधनासाठी असतात. पदवी स्तरावरील बहुतांश साहाय्य पहिल्या प्रकारचे असल्याने केवळ विषयाच्या नावाने शोध घेतल्यास अनेक योजना विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटतात.

पार्श्वभूमी

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. ब्रिटिश अमदानीत या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळवून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. पुढे याच निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. प्राचीन इतिहासाचे अभ्यासक रा. गो. भांडारकर हे त्यांपैकी एक होत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांचा १९१५ सालचा एम.ए. पदवीचा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता.

पदवी व पदव्युत्तर स्तर

* भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये आहे. अन्य मागास प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत.
* राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते. उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे.
* केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती : बारावीच्या गुणांवर आधारित असून उत्पन्नमर्यादा ४.५ लाख रुपये आहे. पदवीसाठी वर्षाला १२,००० व पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,००० रुपये मिळतात.

संशोधन स्तर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत इतिहास व पुरातत्त्वशास्त्र हे स्वतंत्र विषय आहेत. या परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये देण्यात येतात. १९७२ मध्ये स्थापन झालेली भारतीय इतिहास संशोधन परिषद केवळ या विषयासाठी अधिछात्रवृत्त्या व अनुदाने देते. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा व कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग) या संस्था पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात.

परदेशातील शिक्षण

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय २०२२ मध्ये वगळण्यात आले. ही योजना अनुसूचित जाती, भटक्या व विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी असल्याने या निर्णयावर टीका झाली. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींसाठीची परदेशी शिष्यवृत्ती स्वतंत्र आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा निधी परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने साहाय्य करतो. ही रक्कम परत करावी लागते.

अर्जप्रक्रिया

राज्याच्या मॅट्रिकोत्तर व शुल्क योजनांसाठी महाडीबीटी, तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते आणि प्रवर्गानुसार जातीचा दाखला आवश्यक असतो. अर्जाची पहिली छाननी महाविद्यालयात होते. मंजूर शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. रकमा व उत्पन्नमर्यादा शासन निर्णयांनुसार बदलतात.

हे सुद्धा पहा

* विद्यापीठ अनुदान आयोग
* भारतीय इतिहास संशोधन परिषद