गोदाकाठच्या बिऱ्हाडांत

चपला हातात घ्या. सन १७०८ चा भाद्रपद आहे, रात्रभर पाऊस कोसळलाय आणि नांदेडच्या काळ्या मातीत रुतलेली चप्पल सहजासहजी सुटत नाही. घोटाभर चिखल तुडवत नदीकडं चला. गोदावरी दुथडी भरून वाहतेय, पाणी चहाच्या रंगाचं झालंय. पण चहा इथं अजून कुणाला ठाऊक नाही, तेव्हा तो मागू नका. ओल्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जाईल, सारखे चोळू नका.

एरवी हे गाव शांत. शेष घराण्यातल्या विद्वानांचं, वामनपंडितांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं असं. आज मात्र बादशहा बहादूरशहाची छावणी उतरलीय. हत्तींची लीद, उंटांचा वास, घोड्यांच्या नालांवर पडणारे घण. बाजूनं लमाणांचा तांडा चाललाय, बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या आहेत. सरका, शिंग लागेल! फारसी, पंजाबी, दखनी, तेलुगू, मराठी, सगळं एकदमच कानावर आदळतं. तेवढ्यात एक म्हातारा नावाडी तुम्हाला न्याहाळून विचारतो, "पाव्हणं, कुठून आलाव?"

कुठल्या काळातून ते सांगू नका. माधोदासांच्या मठाची वाट विचारा.

नदीकाठीच आहे तो. धुनीतली राख, ओलं गवत आणि माणसांचा दबका वावर. बैरागी माधोदास मूळचे राजौरीकडचे, नाव लछमन देव. शिकारीत गाभण हरिणी मारली गेली, त्या घावानं घर सुटलं आणि पाय थेट पंचवटीला येऊन थांबले, असं सांगतात. तिथून खाली, याच गोदावरीच्या काठी, नांदेडला. मंत्रतंत्रात त्यांचा दबदबा मोठा. त्यांच्या पलंगावर बसायची गावात कुणाची छाती नाही.

आणि आज त्या पलंगावर कुणीतरी बसलंय. निवांत.

दाराशी गर्दी झालीय, टाचा उंचावून बघा. शिखांचे गुरू गोविंदसिंघजी आहेत. वय अवघं ४१. चारही मुलं गमावलेला हा बाप, पण चेहऱ्यावर हार शोधून सापडणार नाही. माधोदास तणतणत येतात. परंपरा सांगते की त्यांनी सगळे मंत्र वापरून पाहिले आणि पलंग काही हलला नाही. मग आवाज खाली येतो. तुम्ही कोण, मी कोण, अशी दोनच बोलणी होतात आणि बैरागी म्हणतात, मी तुमचा बंदा. पुढं पंजाबात ज्यांच्या नावानं मोगल सुभेदार हादरले, ते बंदासिंघ बहादूर आपल्या नांदेडच्या घाटावर घडले. इतकी वर्षं नदीकाठी राख फासून बसलेला माणूस एका दुपारीत उठून उभा राहतो, हे मला फार मोठं वाटतं.

भूक लागली असेल. लंगरात चला. मांडी घालून बसा, शेजारी कोण हे बघायचं नाही. घामेजलेला शिपाई, लमाण बाई आणि तुम्ही, एकाच पंगतीत. पंगतीत वाढणाऱ्यांत भाई दयासिंघ दिसतात का बघा. पंचप्याऱ्यांपैकी, म्हणजे गुरूंच्या पाच लाडक्या शिष्यांपैकी, पहिले. ते आणि भाई धरमसिंघ यांनीच गुरूंचं जफरनामा हे पत्र अहमदनगरला औरंगजेबाकडं पोचवलं होतं. दोघांचाही अखेरचा श्वास याच गावात.

पोट भरलं असेल तर आज संगतसाहिब गुरुद्वारा आहे त्या बाजूला वळा. शिपायांना पगार वाटणं चाललंय, आणि नाणी मोजत कुणी बसलेलं नाही. ढाल उलटी धरायची, भरायची, समोरच्याच्या पदरात ओतायची. मालटेकडीवर सापडलेलं धन असं वाटलं गेलं, ही इथली आठवण आजही सांगतात. लोखंडावर पडणाऱ्या मोहरांचा तो खणखणाट कानात साठवून घ्या.

आश्विनात थांबायचं की नाही, तुम्ही ठरवा. छावणीत गुरूंवर पठाणाचा खंजीर चालतो. जखम शिवली जाते, भरत येते, आणि मग एक दिवस गुरू भलं जड धनुष्य वाकवतात आणि टाके तुटतात. ७ ऑक्टोबरला ते जातात. जाण्याआधी ग्रंथसाहिबांनाच पुढचे गुरू म्हणून माथा टेकतात. नांदेडात त्यांचा मुक्काम जेमतेम काही महिन्यांचा, तरी जगभरचे शीख आज या गावाला हजूरसाहिब म्हणतात. गावकरीपण दिवसांवर मोजायचं नसतं, माझ्या लेखी ते पक्के नांदेडकर.

आता डोळे मिटा, अडीचशेहून जास्त वर्षं पुढं या. चिखल तसाच आहे, पण उस्मानशाही मिलचा भोंगा वाजतोय आणि सायकलींची रांग गेटाकडं निघालीय. आता चहा मागा, मिळेल. कपातून बशीत ओता, फुंकर मारा, आणि झटपट उरका, कारण पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर सरांचा तास आहे. कुरुंद्याचा हा मुलगा इंटरला नापास झालेला, प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाला, पुढं याच कॉलेजचा प्राचार्य. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची ती मोठी प्रस्तावना यांचीच. वर्गात पोरं खिडकीत चढून बसलीत, खडूची पूड उडतेय, घामाचा उग्र वास आहे. कुणी हलत नाही. सर मनुस्मृतीवर बोलत होते, मधेच शिवाजी महाराजांवर गेले आणि आता भरताच्या नाट्यशास्त्रावर आलेत. तास संपल्याची घंटा कधीच होऊन गेली. मागच्या बाकावर थोडी जागा आहे, त्या पोराला म्हणावं सरक जरा, आणि बसून घ्या.