ओबामांच्या पाद्र्याचा गुन्हा काय होता?

निवडणूक आली की आपल्याकडे उमेदवाराची संपत्ती आणि त्याच्यावरचे गुन्हे चर्चेत येतात. त्याचा गुरू कोण आणि तो गुरू माणसामाणसांत काय शिकवतो, हे कुणी विचारत नाही. उलट महाराजांच्या पायावर डोकं ठेवलेला फोटो उमेदवार स्वतःच बॅनरवर छापतो. अमेरिकेत २००८ साली हा प्रश्न जोरात विचारला गेला. कुणाला विचारला गेला, हे मात्र नीट पाहायला हवं.

मार्च २००८ मध्ये एबीसी वाहिनीने रेव्हरंड जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांचे काही सेकंदांचे तुकडे दाखवले. शिकागोच्या ट्रिनिटी चर्चचे हे पाद्री. बराक ओबामांचं लग्न त्यांनी लावलं, मुलींचा बाप्तिस्मा त्यांनी केला, ओबामांच्या एका पुस्तकाचं नावसुद्धा त्यांच्याच प्रवचनातून आलेलं. आणि हा माणूस देवाने अमेरिकेला शाप द्यावा म्हणतो! देश पेटला. राइट स्वतः अमेरिकेच्या मरीन दलात आणि नौदलात नोकरी केलेले, हे सांगण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

२००३ च्या त्या प्रवचनात होतं तरी काय? मूळनिवासींना राखीव भागांत कोंडलं, आफ्रिकी माणसांना साखळदंडात आणलं, जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. आपल्याच नागरिकांना माणसाहून कमी लेखणाऱ्या राष्ट्राला देव आशीर्वाद कसा देईल, असा तो सवाल होता. शाप शेवटी येतो. वाहिन्यांनी शाप ठेवला, कारण कापलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या रविवारचं प्रवचनही असंच कापलं गेलं. त्यात अमेरिकेच्या कर्माची फळं तिच्याकडे परतली, हा मुद्दा राइट एका गोऱ्या माजी राजदूताचा हवाला देऊन मांडत होते आणि सूडाच्या चक्रात निष्पाप मुलं मरतात असं बजावत होते.

हा राग एका माणसाच्या डोक्यातला नव्हे. रिचर्ड ॲलन हे गुलामीतून सुटलेले धर्मोपदेशक. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना गुडघे टेकलेल्या अवस्थेतून, प्रार्थना चालू असताना उठवलं गेलं. ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले ते परतले नाहीत. १७९४ साली त्यांनी स्वतःचं चर्च उभं केलं. देव एकच, पण त्याच्यासमोर बसायची जागा वेगळी! नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० पासून काय घडलं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता राइट यांची चूक. सरकारने कृष्णवर्णीयांना मारण्यासाठी एड्सचा विषाणू बनवला, असं ते म्हणाले. हे खोटं आहे, आणि वक्ता आपला म्हणून ते झाकायचं कारण नाही. पण संशय आकाशातून पडला नव्हता. अलाबामातल्या टस्कगी इथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. रोग कसा वाढतो ते बघायचं होतं.

मग गुरूवरून उमेदवार जोखूच नये का? जोखावा. बाबासाहेबांनी गुरूंना चौकशीतून कधी सूट दिली नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी थेट रामदासांचा दाखला काढला: अंत्यज पंडित असला तरी त्याला गुरू करावं का, तर नाही. बाबासाहेबांना गुरू नव्हते असंही नाही. बुद्ध, कबीर, फुले हे तीन त्यांनी जाहीरपणे सांगितले. पण बुद्धाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा बुद्धीला पटली नाही, तेव्हा तीही त्यांनी नाकारली. आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी सांगितलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते. म्हणजे गुरू काय म्हणतो एवढंच पाहून भागत नाही. त्याची शिकवण कुणाला खाली ढकलते, आणि शिष्य तिथे डोकं वापरतो की गहाण ठेवतो, हेही पाहावं लागतं.

हीच फूटपट्टी त्या निवडणुकीतल्या दुसऱ्या उमेदवाराला लावा. जॉन मॅकेन यांनी जॉन हेगी या टेक्सासच्या पाद्र्याचा पाठिंबा मागून घेतला. या हेगींच्या मते कॅटरिना वादळ ही न्यू ऑर्लिन्सच्या पापांबद्दल देवाने दिलेली शिक्षा होती. त्या शहरातली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय! ओहायोचे रॉड पार्स्ली यांना तर मॅकेन यांनी आध्यात्मिक मार्गदर्शक म्हटलं. इस्लामचा नाश व्हावा हा अमेरिकेच्या स्थापनेमागचा एक हेतू होता, असं या पार्स्लींनी पुस्तकात लिहिलेलं. मॅकेन त्यांच्या चर्चचे सभासद नव्हते, ओबामा वीस वर्षं राइट यांच्यासमोर बसले, हा फरक खरा आहे. पण एका बाजूला पिडलेल्याचा, कधी वाट चुकलेला राग आहे. दुसऱ्या बाजूला बुडालेल्यांनाच पापी ठरवणारी शिकवण. दोन्हींचं वजन सारखं कसं?

१८ मार्चला ओबामांना फिलाडेल्फियात सबंध देशासमोर वंशाच्या प्रश्नावर भाषण करावं लागलं. राइट यांना मी टाकू शकत नाही, असं ते तेव्हा म्हणाले. एप्रिलच्या अखेरीस राइट यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर एड्सचा दावा मागे घेतला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी ओबामांनी त्यांच्याशी संबंध तोडला. तिथे तोडणं योग्यच होतं. पण खोट्या दाव्यासोबत त्यांनी साखळदंडांचा खरा इतिहासही ‘विकृत दृष्टी’च्या खात्यात जाऊ दिला, तो मतांच्या हिशेबाने, असं माझं मत आहे. ३१ मे रोजी त्यांनी ते चर्चच सोडलं.

मॅकेन यांनी २२ मे रोजी हेगी आणि पार्स्ली यांचा पाठिंबा नाकारला. त्यांना कुणी भाषण मागितलं नाही. निवेदन पुरलं.