लखनौतला बर्फाचा दप्तरखाना

9 नोव्हेंबर 2000 रोजी उत्तराखंड वेगळे होईपर्यंत बद्रीनाथ, गंगोत्री, माणा या भागाचा कारभार लखनौहून चाले. समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवरचे, हिवाळ्यात धुक्यापलीकडे काही न पाहणारे हे शहर. तरी राज्य दुभंगल्यावरही त्याचे बर्फाशी नाते तुटले नाही, कारण ते सचिवालयापुरते नव्हतेच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या इथल्या हिमनदी विभागाने 1974 पासून किन्नौरमधल्या गारा हिमनदीचा जमाखर्च मांडायला घेतला, आणि 1949 मध्ये नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झालेल्या बिरबल सहानी संस्थेत पुढे हिमालयातल्या झाडांची वर्षवलये मोजली जाऊ लागली. हिमस्खलनाच्या धोक्याचा निम्मा अभ्यास असा मैदानात बसून होतो, आणि आपण त्याची किंमत फार कमी धरली आहे, असे माझे मत आहे.

उरलेला निम्मा मात्र डोंगरधारेवरच करावा लागतो. पडणाऱ्या बर्फापेक्षा वारा अधिक दगाबाज. धारेच्या एका अंगाचे बर्फ खरवडून तो पलीकडच्या आडोशाला टाकतो, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही तिथला थर वाढत राहतो. या फरफटीत हिमकणांचे टोकदार हात मोडतात, चुरा घट्ट बसतो आणि लादी तयार होते. तिच्याखाली साखरेसारखे सुटे दाणे असले, तर तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचा भारही पुरतो. म्हणून निरीक्षक खड्डा खणतो, थर बोटाने दाबून पाहतो, बर्फाचा एक खांब सुटा करून त्यावर फावडे ठेवतो आणि आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून दहा-दहा थापा मारतो. कितव्या थापेला खांब सरकला, यावर अंदाज. पण तो त्या खड्ड्यापुरता. शंभर पावलांवर वाऱ्याने वेगळेच काही रचलेले असते. 1969 मध्ये मनालीला लष्करासाठी उपयोगी पडणारी हिमस्खलन अभ्यास संस्था निघाली ती या रोजच्या प्रश्नासाठी, आणि ते योग्यच झाले.

मुक्काम कुठे टाकावा, रस्ता कुठून न्यावा, हा प्रश्न मात्र आजच्या थराचा नाही; त्या घळीच्या जुन्या सवयीचा आहे. हिमलोटाने कललेला देवदार पुन्हा सरळ होताना उताराकडच्या बाजूला जाड, गडद लाकूड भरतो. साल सोलली गेली तर व्रण राहतो. ही वलये इतर झाडांशी ताडून पाहिली की घाव कोणत्या वर्षीचा, हे कळते. लखनौच्या संशोधकांनी 2006 मध्ये लाहौलमधल्या ज्युनिपरची 1584 वर्षांची वलयमाला मांडली. तिचा हेतू हवामान समजून घेण्याचा होता, हे खरे. पण वर्ष ठरवण्याची रीत तीच.

यावर कोणी म्हणेल, वाऱ्याची लादी वृक्षरेषेच्या वर बनते, तिथे झाड कुठले? आणि मोठा लोट तर साक्षीदारच उपटून नेतो. पण लोट सुटतो वर आणि थांबतो खाली, जिथे रस्ते आणि तळ असतात. जुन्या रानात मधेच एकाच वयाच्या तरण्या झाडांचा पट्टा दिसला, तर तीही साक्षच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हवामान बदलले, मग गेल्या शतकाचा हिशेब काय कामाचा? हिमाचलातल्या झाडांवरून दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा करणाऱ्या 2018 च्या अभ्यासाने तापमानवाढीबरोबर हिमस्खलने वाढल्याचेच दाखवले. पण ही वाढसुद्धा जुना हिशेब होता म्हणूनच दिसली. लोट कुठवर पोचतो याची त्याने दिलेली मर्यादा किमान समजावी, कमाल नव्हे.

28 फेब्रुवारी 2025 ला माण्याजवळ रस्तेबांधणीचा तळ बर्फाखाली गेला. 54 कामगार अडकले, 8 दगावले. हिमस्खलनाचा इशारा आदल्या दिवशीच निघाला होता, पण तो जिल्ह्यासाठी होता. कामगारांचे कोणते कंटेनर कोणत्या उताराखाली उभे आहेत, हे त्यात येणार नव्हते. माण्याच्या उंचीवर झाडे विरळ, तेव्हा तिथे वलयांवर भिस्त ठेवता येत नाही. पण तिथले भोटिया गावकरी पिढ्यान्‌पिढ्या दर हिवाळ्यात गाव रिकामे करून खालच्या वस्त्यांत उतरत आले आहेत, आणि हीही नोंदच आहे.