काळ्या भुकटीची कुळकथा

चकचकीत धुतलेल्या अलॉय व्हीलवर आठवडाभरात पुन्हा काळी भुकटी बसते, तीही पुढच्या चाकांवर जास्त, ही मिनी कूपरसारख्या छोट्या, चपळ गाड्यांच्या मालकांची जुनी तक्रार. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ब्रेक ‘अपग्रेड’ करा: मोठी डिस्क, महागडे पॅड, जमल्यास लाल कॅलिपर. या सल्ल्यात दोन वेगळी कामे एकाच दावणीला बांधली जातात. ब्रेकची ताकद वाढवणे आणि ब्रेकची धूळ कमी करणे यांचा संबंध आहे, पण बहुतेक वेळा तो उलटा आहे. गाडी थांबवताना झिजायचे कोणी आणि ती झीज जायची कुठे, या एकाच प्रश्नाला ब्रेक बनवणारे शंभरहून अधिक वर्षे निरनिराळी उत्तरे देत आले आहेत. चाकावरची भुकटी त्यांपैकी एका उत्तरातून आली आहे.

मोटारीच्या ब्रेकला पहिले अस्तर मिळाले ते भर प्रवासात. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेत एका चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. स्वस्त आणि बदलता येणारी वस्तू झिजू द्यायची आणि महागडी वाचवायची, हा हिशेब तेव्हापासूनचा. इंग्लंडच्या डार्बीशरमध्ये उतारावर गाडीवान चाकाच्या धावेवर जुना बूट दाबून वेग आवरत. तिथेच हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७मध्ये गाड्यांसाठी खास ब्रेकचे ठोकळे बनवायला सुरुवात केली आणि त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. त्यांचे सुती अस्तर घोडागाडीला पुरेसे होते. मोटारीच्या उष्णतेत ते सुमारे १५० अंशांपुढे करपू लागे. १९०८मध्ये फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले आणि पुढची ७०-८० वर्षे जगभरच्या ब्रेक लायनरचा तो कणा राहिला.

याच सुमारास, १९०२मध्ये, दोन वाटा फुटल्या होत्या. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला. त्यात लायनर लावलेले शू बंद डब्याच्या आतून भिंतीला घासतात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले: फिरती चकती उघडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. पण त्यांच्या चिमट्याला तांब्याचे पॅड होते. धातूवर धातू घासून ब्रेक असा किंचाळे की ती कल्पना मागे पडली आणि अर्धशतक ड्रमचे राज्य चालले. त्या काळी चाके स्वच्छ राहत, असे जुन्या गाड्यांचे शौकीन आवर्जून सांगतात. ते खरे आहे, कारण भुकटी ड्रमच्या पोटात साठत असे. पण लायनर बदलायला ड्रम उघडला की गॅरेजमधला माणूस हवेच्या पाइपने ती उडवून देई आणि त्यातले ॲस्बेस्टॉसचे तंतू त्याच्याच फुप्फुसात जात. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडले. ड्रमने धूळ कमी केली नव्हती, ती मालकाच्या नजरेआड आणि कामगाराच्या छातीत नेऊन ठेवली होती.

डिस्क परत आली ती शर्यतीतून. १९५३च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार सी-टाइप जिंकली. तिला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जाते. डिस्क उघडी असल्याने वाऱ्यावर निवते आणि फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते. ज्या उघडेपणाने डिस्क गार राहते, त्याच उघडेपणाने तिची भुकटी चाकावर येते. एक हवे आणि दुसरे नको, अशी सोय या रचनेत नाही.

छोट्या गाडीवर हा सौदा कसा घडला, त्याचे उत्तम उदाहरण मूळ मिनीच आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९मध्ये आणलेली ही गाडी साध्या कुटुंबासाठी होती. चारही चाकांना ड्रम आणि चाके अवघी १० इंची. फॉर्म्युला वनच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिच्यात शर्यतीचा घोडा ओळखला. १९६१च्या मिनी कूपरला पुढे लॉकहीडचे डिस्क ब्रेक मिळाले, पण १० इंची चाकात कॅलिपरसकट मावणार तरी किती? चकती जेमतेम ७ इंचांची ठेवावी लागली आणि ती अपुरी पडते अशी कुरकुर लगेच सुरू झाली. १९६३च्या कूपर एसला साडेसात इंचांची, अधिक जाड चकती आली. पुढच्याच वर्षी पॅडी हॉपकर्क यांनी ही गाडी घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकून दाखवली. १९८४मध्ये साध्या मिनीलाही १२ इंची चाके आणि ८.४ इंचांच्या डिस्क मिळाल्या. २००१मध्ये बीएमडब्ल्यूने मिनी नव्याने आणली. तिच्या कूपर एसची पुढची डिस्क २७६ मिलिमीटरची होती, म्हणजे जुन्या मिनीच्या २५४ मिलिमीटरच्या अख्ख्या चाकाहून मोठी. छोट्या गाडीचे ब्रेक ‘अपग्रेड’ करण्याचा छंद कुठल्या दुकानदाराने काढलेला नाही. कारखान्यानेच तो ४० वर्षे चालवला होता.

मग आणखी मोठी डिस्क का नको? आधी हिशेब पाहू. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साधारण ३८५ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी उकळेल. यातला मोठा वाटा पुढच्या चाकांकडे जातो, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. पुढच्या दोन चकत्या मिळून दहा किलो धरल्या, तर एका दमात त्या साठेक अंशांनी तापतात. शहरात हे काहीच नाही. घाटउतारावर किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर असे दहा दम लागोपाठ आले की पॅडची पकड सुटते आणि ब्रेक ऑइलला वाफ धरू लागते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर उतरते. मोठी डिस्क उपयोगी पडते ती इथे, उष्णता सामावून घेण्यात. एकदाच कचकन ब्रेक मारला तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. जुन्या ब्रेकनेही एबीएस थरथरत असेल, म्हणजे टायरची पकड आधीच संपत असेल, तर मोठी डिस्क ते अंतर कमी करत नाही. फार तापलेला पॅड भराभर झिजतो, त्यामुळे गार डिस्कने धूळ थोडी कमी होईल असा युक्तिवाद करता येतो. तो ट्रॅकवर लागू आहे. रोजच्या वापरात पॅड मुळात तेवढा तापतच नाही. तिथली धूळ पॅडच्या मसाल्यातून येते.

तो मसाला कुठून आला? ॲस्बेस्टॉस गेल्यावर त्याची जागा घेईल असा एकच पदार्थ सापडला नाही. राळ, तंतू, ग्रॅफाइट, बॅराइट आणि खरखरीत खनिजे अशी मिश्रणे आली आणि त्यांचे दोन पंथ झाले. जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागावर वेगमर्यादा नाही. तिथे ताशी २०० किलोमीटरवरूनही भरवशाने थांबणारा ब्रेक हवा, म्हणून युरोपने पोलादी तंतूंचे पॅड पसंत केले. ते बिडाच्या डिस्कला कुरतडून पकड मिळवतात. जपान आणि अमेरिकेने शांतता आणि स्वच्छ चाके यांना अधिक किंमत दिली. त्यांचे पोलादविरहित पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवतात आणि पुढचे घर्षण बरेचसे त्या थराशी होते. युरोपीय गाडीत पॅडबरोबर डिस्कही झिजते. वापरलेल्या डिस्कच्या कडेवरून नख फिरवले तर उरलेला काठ लागतो. चाक धुण्याच्या काही द्रावणांचा फवारा मारला की भुकटी जांभळी होऊन ओघळते. तो रंग लोखंडाशी होणाऱ्या अभिक्रियेचा. चाकावर बसलेली असते ती मोठ्या प्रमाणात पॅडची आणि डिस्कची लोखंडी झीज, आणि वेळेवर धुतली नाही तर तिथेच गंजून चिकटते.

म्हणून धूळ कमी करायची तर पॅडचा पंथ बदलावा लागतो. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड हे दुसऱ्या पंथातले. ते लावल्यावर चाकांतला फरक नजरेत भरतो. यावर ट्रॅकप्रेमींचा आक्षेप असतो की पेडलचा पहिला चावा मऊ होतो आणि फार तापल्यावर पकड लवकर ढळते. आक्षेप रास्त आहे, पण तो ट्रॅकवर जाणाऱ्यालाच लागू पडतो. ऑफिस, बाजार आणि महिन्यातून एखादा घाट एवढ्यासाठी मिनी ठेवणाऱ्याने ताजे ब्रेक ऑइल आणि कमी धुळीचे पॅड घ्यावेत आणि नव्या पॅडचा थर बसवायला स्वच्छ किंवा नव्या डिस्क वापराव्यात. चार पिस्टनच्या कॅलिपरचे पैसे चांगल्या टायरवर घालावेत. ट्रॅकवाल्याने मोठी डिस्क जरूर लावावी आणि काळ्या चाकांबद्दल तक्रार करू नये.

धुळीचा प्रश्न मालकाच्या बादली-फडक्यापुरता राहिलेला नाही. पॅडमधले तांबे पावसाबरोबर ओढ्यांत उतरून सामन माशांना बाधते, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१०मध्येच त्याला कात्री लावणारे कायदे केले. आता युरो ७ नियमांत ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या बारीक कणांनाही पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे: पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड कारना दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, बॅटरीच्या कारना ३. पोर्शाने २०१७च्या कायेनसाठी टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क आणली, धूळ ९० टक्क्यांपर्यंत घटते असे सांगितले आणि ते मिरवायला कॅलिपर पांढरे ठेवले. छोट्या गाडीच्या खिशाला हा उपाय अजून जड आहे. तिच्यासाठी वेगळीच वाट उघडलेली दिसते. पुण्याजवळ चाकणला बनलेल्या फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयला मागे ड्रम ब्रेक म्हणून नाके मुरडली गेली. त्याच फोक्सवॅगनने आयडी.३ या विजेच्या गाडीला मागे ड्रमच दिले आहेत. तिथे वेग आवरण्याचे बरेचसे काम मोटरच करते. क्वचित वापरली जाणारी उघडी डिस्क गंजत राहिली असती; बंद ड्रम गंजापासून बचावतो आणि आपली भुकटीही आतच ठेवतो. यावेळी तिच्यात ॲस्बेस्टॉस नाही.