उंबरठ्यावरचे पिल्लू

नांदेड जिल्ह्यात दोन प्रसिद्ध देवस्थाने अशी आहेत, की तिथे देवाच्या सोबतीला कुत्राही असतो. माहूरच्या शिखरावर दत्ताचे ठाणे आहे. दत्ताच्या चित्रात पायाशी चार कुत्री दिसतात; ते चार वेद आहेत, असे सांगितले जाते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबा आहे, आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते.

असे असूनही नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत हाडामासाच्या कुत्र्याची जागा ठरलेली होती : अंगण, गोठा किंवा शेतातला आखाडा. वसरीवर पाय ठेवला, की 'हाड!' लेकरांनी एखादे पिल्लू उचलून आणले, तर 'आधी ते बाहेर सोडून ये' हे घरातले पहिले वाक्य. आज मात्र अनेक घरांत पिल्लू थेट पलंगापर्यंत पोचले आहे. हा बदल कसा झाला? ही नुसती शहरी हौस म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. या उंबरठ्याचा इतिहास बऱ्याच अंशी एका रोगाचा आणि त्यावरच्या लशीचा इतिहास आहे.

ओळख जुनी आहे

माणसाने कुत्रा पाळला तो गाय, शेळी किंवा कोंबडी पाळण्याच्या कितीतरी आधी, शेतीच्याही आधी. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक जुनी दफनभूमी सापडली. तिथे एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ कुत्र्याचे अवशेष होते. त्यांचा काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. हा कुत्रा म्हणजे साधारण सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासून संशोधकांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की त्याला डिस्टेंपर हा गंभीर रोग झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले. या रोगात पिल्लाला स्वतःहून खाणेपिणे जमत नाही. म्हणजे कोणीतरी त्याला भरवले, ऊब दिली, स्वच्छ ठेवले. आजारी पिल्लाचा शिकारीला काडीचाही उपयोग नव्हता. तरीही त्याची शुश्रूषा झाली, असे या निष्कर्षातून दिसते.

आपल्याकडचा पुरावा दायमाबादचा. गोदावरीची उपनदी प्रवरा, तिच्या काठच्या या गावी १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. त्यांतली एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. या मूर्तींच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण गाडी, बैल, माणूस आणि त्यांच्यासोबत कुत्रा हे चित्र गोदावरीच्या खोऱ्याला नवे नाही, एवढे नक्की म्हणता येते.

तांडा, मेंढरे आणि माळेगाव

नांदेड-लातूर भागातल्या कुत्र्यांचा विषय निघाला, की 'कारवान' आणि 'पश्मी' ही नावे येतात. दोन्ही कुत्रे लांब तोंडाचे, खोल छातीचे, बारीक पोटाचे आणि वाऱ्यासारखे पळणारे. नजरेने सावज टिपून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांची ही ठेवण. आखूड केसांचा तो कारवान. कानावर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असलेला तो पश्मी. दोन्ही शब्द फारसी आहेत. 'कारवाँ' म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, आणि 'पश्म' म्हणजे मऊ लोकर. 'पश्मिना' शालीतला तोच शब्द. मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या सैनिकांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले, असे परंपरेने मानतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी अशाच कुत्र्यांची जोपासना केली. म्हणूनच एक श्वानसंस्था या जातीला 'कॅरव्हान हाउंड' म्हणते, तर दुसरी 'मुधोळ हाउंड'. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता.

पण संस्थानिकांपेक्षा या कुत्र्यांना खरा आश्रय दिला तो फिरत्या आणि कष्टकरी लोकांनी. मीठ आणि धान्य बैलांवर लादून नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्याला रात्रीचा राखणदार लागे. धनगरांच्या मेंढरांना लांडग्यापासून जपायला कुत्रा लागे. शेतकऱ्याला उभ्या पिकात शिरणारे जनावर हाकलायला लागे. माळेगावच्या यात्रेत हा सगळा संसार एकत्र येतो. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास, म्हणजे मराठवाड्यात शेतोशेती वेळ अमावास्या साजरी होते त्याच दिवसांत, ही यात्रा भरते. घोडे, गाढवे, बैल यांचा बाजार भरतो आणि त्याबरोबर अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शनही असते.

या कुत्र्याचे स्थान त्याच्या कामावर अवलंबून होते. मग रेल्वेने तांड्यांचा व्यापार संपवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. काम गेले, तशी अंगणातली जागाही डळमळली. आता कुत्र्याला राहायचे तर घरातच राहावे लागणार होते. पण दाराशी एक फार जुनी भीती उभी होती.

भीती खरी होती

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हा विषाणू चाव्याच्या जागेवरून चेतातंतूंमार्गे हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. त्यामुळे जखम बरी होते, घरचे विसरून जातात, आणि मग अचानक पाणी पाहून घसा आवळू लागतो. उपाय नसलेल्या रोगापुढे समाजाकडे दोनच वाटा होत्या : कुत्र्याला दूर ठेवणे किंवा मारणे. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. कुत्रा मारावा की जगवावा, हा वाद आजचा नाही.

तिसरी वाट उघडली ती ६ जुलै १८८५ रोजी, पॅरिसमध्ये. लुई पाश्चर यांची लस जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आली आणि तो वाचला. विषाणू मेंदूपर्यंत पोचायला वेळ घेतो. तेवढ्या अवधीत शरीराची प्रतिकारशक्ती जागी करायची, हे या उपचारामागचे तत्त्व.

भारतात असा उपचार देणारी पहिली संस्था १९०० मध्ये हिमालयातल्या कसौलीला निघाली आणि दुसरी १९०७ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला. वर्गात नकाशा काढून मुलांना मोजायला सांगा. नांदेडहून कसौली सरळ रेषेत साधारण १३०० किलोमीटर, तर कुन्नूर सुमारे ८७० किलोमीटर. निजामाच्या राज्यातल्या एखाद्या खेड्यात मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला, तर त्याच्या आईबापांना हे अंतर काय वाटत असेल? लातूरला बार्शी लाइट रेल्वे पोचली ती १९११ मध्ये. त्याच वर्षी कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून मृत विषाणूची लस तयार केली. ही लस बाटलीत भरून दूरवर पाठवता येई. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती बनू लागली, आणि रोग्याने लशीकडे जाण्याऐवजी लस रोग्याकडे येऊ लागली.

'पोटात चौदा इंजेक्शने' ती हीच. ती दुखत, आणि लशीत मेंढीच्या मेंदूचा अंश असल्यामुळे क्वचित लकव्यासारखे गंभीर दुष्परिणामही होत. भारतात ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता पेशींवर वाढवलेल्या विषाणूची सुरक्षित लस दंडात चार-पाच वेळा दिली जाते. पण चौदा इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत शिल्लक आहे, आणि ती अजूनही मुलांना गप्प बसवते.

दोन घड्याळे

आता पिल्लाकडे वळू. आपल्याकडे कुत्र्यांचा मुख्य विणीचा हंगाम भाद्रपदात सुरू होतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा शाळेच्या भिंतीआड किंवा कडब्याच्या गंजीखाली पिल्ले दिसू लागतात. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी ३६४ पिल्लांची नोंद ठेवली. त्यांतली फक्त १९ टक्के पिल्ले प्रौढ होईपर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यूंना माणसाचा काही ना काही हात होता. पिल्लू उचलून आणणाऱ्या मुलाची कणव निराधार नसते.

पिल्लाचे पहिले घड्याळ मनाचे. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी काही पिल्ले माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत त्यांना माणसांत आणले. हे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच ते नऊ आठवड्यांची पिल्ले लवकर माणसाळली. पण १४ आठवडे माणूसच न पाहिलेली पिल्ले जंगली जनावरासारखी बुजरी राहिली. म्हणजे माणसाशी मैत्री करण्याची खिडकी साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच पुरती उघडी असते. कार्तिकातल्या पिल्लासाठी ती माघात मिटू लागते.

दुसरे घड्याळ शरीराचे. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये सुरुवातीला पिल्लाला जपतात, पण तीच लशीचा परिणामही रोखतात. म्हणून डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्यावरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांनंतर देतात. पहिले घड्याळ सांगते 'लवकर आणा', तर दुसरे सांगते 'जरा थांबा'. उंबरठ्यावरचा पेच नेमका हाच आहे.

त्यातून मार्ग निघतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर लसीकरण पूर्ण होईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नये. पण घरातली माणसे, पाहुणे, कुकरची शिटी, मोटारसायकलचा आवाज यांची ओळख मात्र रोज करून द्यावी. जंताचे औषध आणि लशींच्या तारखा पशुवैद्यांकडून लिहून घ्याव्यात. लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि एका घरापुरते पाहून भागत नाही. गल्लीतल्या कुत्रीला लस मिळाली, तर तिची पिल्लेही पहिले काही आठवडे अधिक सुरक्षित राहतात. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, की रेबीजची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले. तिथे २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम झाली आणि २०२१ मध्ये ते राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाले.

शिक्षकांकडे एक काम

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, रेबीजची शंका असलेला प्राणी चावलेल्या दर दहा जणांत चार जण १५ वर्षांखालील असतात. पिल्लाला रेबीज होत नाही, ही समजूत चुकीची आहे. लस न झालेल्या पिल्लाचा दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काही लावू नये. लगेच दवाखान्यात जावे. जखम खोल असेल, तर लशीबरोबर तयार प्रतिद्रव्येही टोचावी लागतात.

हे सगळे मुलाने सांगितले तरच शक्य आहे. पिल्लाला हाकलून देतील, मार बसेल, चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, या धास्तीने मूल जखम बाहीखाली झाकते. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात एवढेच विचारावे : कोणाच्या गल्लीत पिल्ले झाली आहेत? नावे काय ठेवली? मोत्या, वाघ्या, खंड्या अशी नावे फळ्यावर लिहावीत, प्रत्येकापुढे जन्माचा अंदाजे आठवडा आणि रेबीजच्या लशीचा महिना लिहावा, आणि चावले तर न भिता सांगायचे, हे त्याच तासाला ठरवून टाकावे. ज्या मुलाने पिल्लाचे नाव फळ्यावर लिहिले आहे, ते त्याचा चावाही सांगेल.