तबकडीची पाठचिकित्सा

खिशात बाळगायच्या जुन्या घड्याळाची तबकडी मूळची की मागाहून बसवलेली, हा प्रश्न सहसा संग्राहकांचा मानला जातो; त्यावर किंमत ठरते. मुळशीसारख्या तालुक्यात मात्र तो इतिहासाचाही प्रश्न होतो. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी येथे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले, तरीही मुळेच्या खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे पाण्याखाली गेलीच. गाव बुडाले की त्याचा पुरावा उरतो तो लोकांनी सोबत नेलेल्या वस्तूंत: भांडी, कागदपत्रे, क्वचित मुंबईच्या नोकरीतून घरी आलेले घड्याळ. मुंबईच्या डबेवाल्यांत मुळशी-मावळचे लोक मोठ्या संख्येने आहेत, हे सर्वश्रुतच आहे. अशा घड्याळाला दस्तऐवज मानायचे, तर साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेली पाठचिकित्साही त्याला लावली पाहिजे.

प्रथम बाह्य पुरावा. तबकडीवर एक नाव आणि आतल्या यंत्रावर दुसरे, एवढ्यावरून तबकडी बनावट ठरवणे घाईचे होईल. १८८० च्या दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या तबकड्यांवर कंपनीच्या नावाखाली मुंबई-कलकत्ता अशी शहरांची नावे असत. आतील यंत्रे स्वित्झर्लंडची, कित्येकदा लाँजीन्सची असत. येथे तबकडी विक्रेत्याचे नाव सांगते, यंत्र कारागिराचे. पोथीतही लेखनिक आणि ग्रंथकार वेगळे असतात.

निर्णायक ठरतो तो अंतर्गत पुरावा. इनॅमलची तबकडी म्हणजे तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड भट्टीत वितळवून चढवलेला थर. चकतीच्या पाठीला तांब्याचे बारीक पाय असतात आणि ते यंत्राच्या पाटीवरील छिद्रांत बसतात. पाय कापलेले असतील, तबकडी गोंदाने वा मेणाने चिकटवलेली असेल, किंवा पाटीत नवी छिद्रे पाडलेली दिसली, तर ती दुसऱ्या घड्याळातून आली असावी. सेकंदकाट्याचा आस छोट्या वर्तुळाच्या नेमक्या मध्यातून वर येतो का, हेही पाहावे. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा बोलका असतो.

अक्षरांची तपासणी याहून सूक्ष्म. तबकडीवर केसासारखा तडा असेल, तर तो अक्षराला छेदतो की अक्षराची शाई तड्यावरून पसरली आहे, हे भिंगाखाली पाहावे. तडा अक्षराला छेदत असेल तर अक्षर आधीचे. शाई तड्यात उतरली असेल तर अक्षर नंतरचे. कागदाची घडी आणि तिच्यावरची शाई यांवरून प्रक्षिप्त ओळ ओळखण्याचीच ही रीत आहे. जुन्या यंत्रावरची अगदी निष्कलंक, ठसठशीत तबकडी म्हणूनच संशयास्पद ठरते. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा मुंबईतील व्यवसाय संग्राहकांना चांगलाच ठाऊक आहे. अवघड पाठ अधिक विश्वसनीय, हे चिकित्सेचे सूत्र येथेही उपयोगी पडते. अर्थात तडकलेली तबकडीही परकी असू शकते, त्यामुळे पाय आणि छिद्रे यांची साक्ष सुटत नाही.

पण 'मूळ' म्हणजे कोणते? कारखान्यातून निघाले ते, दुकानातून विकले गेले ते, की घरात तीन पिढ्या वापरले गेले ते? भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीचे संपादक वि. स. सुखटणकर यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत व्यासांची मूळ संहिता परत मिळवल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येईल तितके प्राचीन रूप, एवढीच मर्यादा त्यांनी स्वीकारली. तबकडीविषयीही इतकेच म्हणता येते. १९३० साली घड्याळजीने बदललेली तबकडी कारखान्याच्या दृष्टीने परकी असली, तरी त्या घराच्या इतिहासात ती अस्सलच आहे.

म्हणून जुने घड्याळ 'नवे करून' घेणे धोक्याचे. नवा रंग चढला की तडा, पुसट झालेले दुकानाचे नाव, दुरुस्तीच्या खुणा हे सारे एका दुपारीत नाहीसे होते. त्याआधी तबकडीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, यंत्रावरचा आणि डबीवरचा क्रमांक उतरवून ठेवावा, आणि घड्याळ घरात कोणाकडून आले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. ज्या खोऱ्यातील गावांत परत जाऊन काही पडताळता येत नाही, तेथे हे टिपण घड्याळाइतकेच मोलाचे आहे.